कोल्हापूरहून जर्मनीला शिकायला जाताय? पहिल्या काही महिन्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती प्रवेश आणि व्हिसा दोन्ही हातात आलेल्यांसाठी आहे. आकडे 2026 च्या सुरुवातीचे आहेत. तिथं गेल्यावर मुलांची बहुतेक कामं एकाच जागी अडकतात: पत्ता. पत्ता नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून बँकेत अडचण, खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच भरलेले, महिन्याला ठरावीक सुटणारे) पैसे सुटत नाहीत. त्यामुळे खाली बऱ्याच उत्तरांत पत्त्याचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

तिकीट कोणत्या तारखेचं काढावं?

हिवाळी सत्र बहुतेक विद्यापीठांत कागदोपत्री 1 ऑक्टोबरला सुरू होतं, तास बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या मध्यावर. तरी तिकीट काढताना आधी खोलीची किल्ली कधी मिळणार ते बघा. वसतिगृहाच्या किल्ल्या इमारतीचा व्यवस्थापक, म्हणजे हाउसमाइस्टर देतो, आणि तो कामाच्या दिवशी ठरलेल्या वेळेतच भेटतो. शुक्रवारी संध्याकाळी उतरलात तर सोमवारपर्यंत सामानासकट हॉटेलात राहावं लागतं. 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, तीही हिशेबात धरा. सोमवार ते बुधवार सकाळी पोचणारं विमान सगळ्यात बरं. पोचायच्या आठ दिवस आधी हाउसमाइस्टरला ईमेल करून भेटीची वेळ लेखी घ्या.

भाषावर्गासाठी किंवा तयारीच्या कोर्ससाठी जुलै-ऑगस्टमध्ये निघणाऱ्यांनी मुंबई गाठायला एक दिवस जास्त ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला होता. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की शेवटच्या रात्रीच्या गाडीवर भिस्त ठेवू नये.

मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि पासपोर्टवर वेगळा क्रम. अडचण येईल का?

आपल्याकडच्या मार्कशीटवर ‘पाटील रोहन सुरेश’ असं असतं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये ‘रोहन सुरेश’ आणि ‘सरनेम’मध्ये ‘पाटील’. जर्मन कार्यालय फक्त पासपोर्ट मानतं. म्हणून विमानाचं तिकीट, विमा, ब्लॉक्ड अकाउंट, भाडेकरार या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगमध्ये, वडिलांच्या नावासकट लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं आणि दुसऱ्या ठिकाणी घातलं की यंत्रणेला त्या दोन व्यक्ती वाटतात आणि पैसे किंवा विम्याची पुष्टी मध्येच लटकते.

पासपोर्टमध्ये आडनावाचा रकानाच रिकामा असेल, किंवा दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि पासपोर्टवर स्पेलिंग वेगळं असेल, तर ते इथंच निस्तरा. पासपोर्ट दुरुस्त करून घेणं हा पक्का मार्ग. नोटरीचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा, पण तिथला अधिकारी ते मानेलच असं धरून चालू नका.

हातातल्या बॅगेत कोणते कागद ठेवायचे?

पासपोर्ट, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटची पुष्टी, विम्याचा कागद, खोलीचा करार, पदवी आणि मार्कशीटच्या मूळ प्रती, एपीएस सर्टिफिकेट (भारतातल्या शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं), इंग्रजीतला जन्मदाखला. पदवीदान समारंभ झाला नसेल तर विद्यापीठाचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट घेऊनच निघा. मागाहून घरच्यांना शिवाजी विद्यापीठात खेपा घालायला लावण्यापेक्षा हे सोपं. ट्रान्सक्रिप्टच्या विद्यापीठाच्या शिक्क्याच्या दोन-तीन बंद पाकिटातल्या प्रती जास्तीच्या आणा.

फोटोंचे गठ्ठे मात्र नेऊ नका. मे 2025 पासून निवास परवान्यासाठी कागदी फोटो चालत नाही. मान्यताप्राप्त स्टुडिओतून किंवा कार्यालयातल्या यंत्रावर काढलेला डिजिटल फोटो लागतो.

सामानात खायचं काय नेता येतं?

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनबाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे आणि मटणाचं लोणचं घरीच ठेवा. कस्टममध्ये सापडलं तर जप्त होतं, दंडही होऊ शकतो. ताज्या कढीपत्त्यासारख्या पाल्याला रोपआरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा वाळवून पूड करून न्या.

कांदा-लसूण मसाला, मिरची पूड, गूळ, डाळी, शेंगदाण्याची चटणी चालते. कांदा-लसूण मसाल्याला तेल सुटतं, त्यामुळे डब्यात भरू नका: जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून हवा काढायची, तोंड यंत्रानं सील करायचं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालायची आणि मग जीन्सच्या घडीत ठेवायची. चेक-इन बॅगेतच टाका. मिरची पूड आणि लोणचं हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडतं. पहिल्या सहा महिन्यांना एक किलो मसाला पुरतो. डाळ-तांदूळ तिथल्या भारतीय किंवा आशियाई दुकानांत मिळतात, त्यांच्यावर वजन घालवू नका. आजरा घनसाळ आवडत असेल तर दोन किलो न्या, तो तिथं शोधून सापडत नाही.

भांडी आणि विजेचं काय?

वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, पण सॉकेट वेगळं. आपली बारीक दोन पिनांची चार्जरची पिन बसते, तीन पिनांची बसत नाही. अ‍ॅडॉप्टर दोन घ्या.

शेगडी जवळपास सगळीकडे सपाट काचेची असते, साधी तापणारी किंवा इंडक्शनची. म्हणून गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा निरुपयोगी. सपाट बुडाचा तवा आणि तीन लिटरचा सपाट बुडाचा कुकर न्या. इंडक्शनवर चालणारा असेल तर दोन्ही प्रकारच्या शेगडीवर चालेल. बुडाला चुंबक चिकटला तर इंडक्शनवर चालतो. कुकरची एक जास्तीची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह विसरू नका, बंद पडतो तो त्यांच्यापायीच.

चपातीसाठी सुपरमार्केटमधलं ‘टाइप 405’ पीठ घेऊ नका, ते मैद्यासारखं असतं. 1050 नंबरचं जास्त जवळचं. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं.

फोडणी दिली आणि अलार्म वाजला. असं का होतं?

राहत्या खोल्यांत धुराचा अलार्म असणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि अनेक वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो. विनाकारण बंब आला तर त्याचा खर्च, काही शे युरो, तुमच्या नावावर लागू शकतो.

खरी गोची काचेच्या शेगडीची आहे. आपल्याला गॅसची सवय: आच बंद केली की कढई निवायला लागते. काचेची शेगडी बंद केल्यावरही कितीतरी वेळ तापलेलीच राहते. तेलात मोहरी तडतडली, बटण बंद करून मिरची पूड टाकली, तरी खालून आच चालूच. मिरची करपते आणि सगळ्यांना ठसका लागतो. त्यात माणूस घाईनं कॉरिडॉरचं दार उघडतो, आणि धूर नेमका बाहेरच्या अलार्मखाली जातो. स्वयंपाकघरातला अलार्म बऱ्याचदा उष्णतेवर चालतो, धुरानं वाजत नाही. वाजतो तो कॉरिडॉरमधला.

म्हणून दार बंद, खिडकी सताड उघडी, तेल मध्यम आचेवर. मोहरी तडतडली की कढई उचलून बाजूच्या थंड जागी ठेवायची आणि मगच हिंग, हळद, मसाला घालायचा. अलार्मला पिशवी बांधून ठेवणं बेकायदा आहे, आणि जिवाशी खेळ आहे. तसलं कोणी शिकवलं तर ऐकू नका.

खोली इथूनच बुक करताना फसवणूक कशी ओळखायची?

“मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टानं येईल” असं कोणी लिहिलं की तिथंच थांबा. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला टाळाटाळ, भाडं शहराच्या मानानं फारच कमी, आणि परत न मिळणाऱ्या मार्गानं पैसे पाठवायची घाई, या तिन्ही खुणा बहुतेक एकत्रच दिसतात. मालकाच्या पासपोर्टचा फोटो हा पुरावा नव्हे; तो बऱ्याचदा आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे श्टुडिएरेनडेनव्हेर्कचं, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेचं वसतिगृह. तिथं अजून अर्ज टाकला नसेल तर लगेच टाकून ठेवा, कारण म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षायादी सत्रांच्या हिशेबात मोजतात.

भाडं बघताना ‘काल्ट’ की ‘वार्म’ ते विचारा. काल्ट म्हणजे निव्वळ भाडं. वार्ममध्ये हीटिंग, पाणी आणि इमारतीचा खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट वार्ममध्येही कधीकधी वेगळं. रिकामं घर म्हणजे कधीकधी खरोखरच रिकामं: सिंक आणि शेगडीसुद्धा नसते. अनामत रक्कम कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे.

ताबा घेताना भिंती, खिडक्या, नळ, गादी यांचे फोटो तारखेसह काढा आणि ताब्याच्या कागदावर प्रत्येक ओरखडा लिहून घ्या. किल्ली हरवू नका. एकाच किल्लीनं मुख्य दार आणि खोली दोन्ही उघडत असतील तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो.

करार करण्याआधी मालकाला एकच प्रश्न लेखी विचारा: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग देणार का? हा त्याचा सहीचा कागद असतो, की हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहतो. तो मिळणार नसेल तर खोली कितीही छान असली तरी तुमच्या कामाची नाही.

पत्त्याची नोंदणी कशी आणि किती दिवसांत?

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि ते ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात होतं. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि वरचा मालकाचा कागद एवढंच लागतं.

मोठ्या शहरांत दोन आठवड्यांतली वेळ मिळत नाही. कोल्हापुरात असतानाच कार्यालयाच्या वेबसाइटवर वेळ घेऊन ठेवा. पोचल्यानंतरची तारीख चालते. मिळाली नाही तर सकाळी लवकर पुन्हा बघा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. शहरातलं कोणतंही ब्युर्गरआम्ट सहसा चालतं. लवकरात लवकरची मिळालेली वेळ दोन आठवड्यांपलीकडची असेल तर बुकिंगची पुष्टी जपून ठेवा.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत तर पुढे आयकराच्या 8 किंवा 9 टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी हे समजून-उमजून भरावं. बाकीच्यांना काही लागू होत नाही.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत टॅक्स नंबर पोस्टानं येतो. त्यामागून रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं: दर घराला महिना 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. चौघं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर चौघांत एकच. ते पत्र जाहिरात समजून फेकलं की थकबाकी साठत जाते.

माझं पत्र परत गेलं. पत्ता तर बरोबर होता!

पत्रपेटीवर तुमचं आडनाव नव्हतं. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि बेलवरचं नाव यावरच पत्र पोचतं. आपल्या पेठेत पोस्टमन नाव विचारत दारापर्यंत येतो, तिथला नाव दिसलं नाही की पत्र परत पाठवतो. आणि बँकेचा पिन, विमा कार्ड, टॅक्स नंबर सगळं पोस्टानंच येतं. किल्ली मिळाल्याच्या दिवशीच पेटीवर आणि बेलवर पासपोर्टवरचं आडनाव चिकटवा. कुणाकडे तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात आपल्या नावाखाली ‘सी/ओ’ आणि घरमालकाचं आडनाव लिहा.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे आहेत, मग रोख किती न्यायची?

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो असतात, पण महिन्याला 992 च सुटतात, आणि तेही जर्मनीत चालू खातं उघडून त्याचा नंबर कळवल्यावर. हे हिशेबात न धरल्यामुळेच पहिल्या महिन्यात मुलं तंगीत येतात. अनामत, पहिलं भाडं, सत्राचं शुल्क, गादी-पांघरूण हे सगळं एकदम येतं आणि 992 मध्ये बसत नाही. ब्लॉक्ड अकाउंटशिवाय दोन ते अडीच हजार युरो वेगळे ठेवा: तीन-चारशे रोख, बाकी फॉरेक्स कार्डवर. 10,000 युरो किंवा जास्त रोख असेल तर कस्टमला जाहीर करावी लागते. तेवढी न्यायची वेळच येऊ नये.

बँकेनं पैसे पाठवताना टीसीएस कापला. तो गेला का?

गेला नाही. एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून 10 लाखांपेक्षा जास्त बाहेर पाठवलं तर वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ कापलेला कर, लागतो. युरो शंभर रुपये धरला तरी ब्लॉक्ड अकाउंटचे बारा लाखांच्या आसपास होतात, म्हणजे मर्यादा ओलांडली. ज्यांच्या पॅनवर कापला त्यांनी विवरणपत्र भरताना तो वळता करून घ्यायचा. आई आणि वडील दोघांच्या खात्यातून थोडे थोडे पाठवले तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी धरतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, पाठवायच्या आधी शाखेत विचारा.

भारतातला मोबाइल नंबर बंद करावा का?

मुळीच नको. कर्जखातं, बँक, आधार, डिजिलॉकर सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा, तिथं एसएमएस येतो का ते उतरल्याबरोबर बघा आणि किमान रिचार्जची तारीख घरच्यांच्या मोबाइलवर टाकून ठेवा. नंबर बंद पडून दुसऱ्याला गेला की पुन्हा मिळवणं जवळपास अशक्य. बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं) करायचं असतं, कारण शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थी परकीय चलन नियमांत अनिवासी धरला जातो. त्याचा अर्ज शाखेतून आधीच घेऊन ठेवा.

आरोग्य विमा सरकारी घ्यावा की स्वस्त खासगी?

तिशीच्या आत असाल तर सरकारी, महिना साधारण 140 ते 150 युरो. खासगी स्वस्त दिसतो, पण त्यासाठी सरकारी विम्यातून सूट घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की तो कोर्स संपेपर्यंत परत येता येत नाही. तीन-चार हजार रुपयांच्या बचतीसाठी हे करू नये असं आमचं ठाम मत आहे. तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दर मिळत नाही, त्यांनी निघण्याआधीच चौकशी करावी.

तातडीला 112. दवाखाना बंद असताना, पण जिवावरचं नसेल तर 116117. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसकट न्या. दातांचं काम कोल्हापुरातच उरकून घ्या, चष्म्याची दुसरी जोडी घ्या.

किती तास काम करता येतं?

वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस. विद्यापीठातलं विद्यार्थी सहायकाचं काम यात मोजत नाहीत, म्हणून आधी तेच शोधा. किमान वेतन तासाला 13.90 युरो, मिनीजॉबची (कमी पगाराच्या छोट्या कामाची) मर्यादा महिना 603 युरो. स्वयंरोजगाराला परवान्यात परवानगी नसते, आणि काही डिलिव्हरीची कामं करारात स्वयंरोजगार म्हणून दाखवलेली असतात. सही करण्याआधी वाचा. रोखीनं, बिनकागदाचं काम करू नका. पकडलं तर परवान्यावर येतं.

एटीकेटीसारखं काही असतं का?

नाही, आणि हा फरक आपल्या मुलांना सगळ्यात महागात पडतो. पेपरला बसायचं तर पोर्टलवर मुदतीत स्वतः नोंदणी करावी लागते. वर्गात नियमित असूनही नोंदणी विसरलेल्याला बसता येत नाही. नोंदणी करून गैरहजर राहिलात तर बऱ्याच ठिकाणी नापास धरतात. आजारी असाल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला लागतो.

एका पेपरला साधारण तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालात तर नाव कमी होतं, आणि तोच विषय जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठात शिकायलाही बहुधा मिळत नाही. तुमच्या विभागाचे परीक्षा नियम पहिल्याच आठवड्यात वाचा. पहिल्या सत्रात सहा पेपर उचलून तीन गमावण्यापेक्षा चार नीट काढा. गुण उलटे असतात: 1.0 उत्तम, 4.0 काठावर.

आम्ही पालक. फोन कधी करावा?

उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. आपल्याकडे रात्री साडेनऊ वाजता तिथं संध्याकाळचे पाच-सहा. डिसेंबरमध्ये चारच्या सुमाराला अंधारतं, आणि नोव्हेंबर ते जानेवारी मुलं सगळ्यात जास्त खचतात. फोनवर बोलणं एकदम कमी झालं, जेवणाचं विचारल्यावर टाळलं, तर रागावू नका. श्टुडिएरेनडेनव्हेर्कमध्ये समुपदेशन मिळतं आणि ते गोपनीय असतं, हे त्यांना आवर्जून सांगा. म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिनमध्ये मराठी मंडळं आहेत. गणपतीत आणि दिवाळीत तिथं गेलेल्याला पुढे अडीनडीला माणसं मिळतात.

व्हिसा संपत आलाय आणि परवान्याची तारीख मिळत नाही. सुट्टीत घरी येऊ का?

व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज पोचलेला असला पाहिजे, तोही पुराव्यासह. ऑनलाइन अर्जाची पोच किंवा ईमेल जपून ठेवा. वेळेत अर्ज केला तर निकाल येईपर्यंत राहणं कायदेशीर असतं. तरी प्रवासासाठी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, म्हणजे निकाल येईपर्यंतचा तात्पुरता दाखला लागतो, आणि त्यावर निवास कायद्याच्या कलम 81 परिच्छेद 4 ची खूण असेल तरच परत आत येता येतं. तो हातात पडेपर्यंत मुंबईचं तिकीट काढू नका. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर तो कागद तिथं चालतो का, हे एअरलाइनकडून लेखी विचारून घ्या.